छावणी उठली, विहिरी राहिल्या : कॅम्प दापोलीचा धडा

(स्थानिक इतिहासावरील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काहींनी आम्हाला आधीच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात पाण्याचे नळ, विजेचे खांब आणि गटारं कुठून आली? प्रश्न बरोबर आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, लढाया आठवतात. रत्नागिरी जिल्ह्यात तर किल्ल्यांची काही कमी नाही. पण लढाई संपते, फौज निघून जाते, आणि त्यानंतर तिथे माणसं राहतातच. त्यांना सकाळी उठून पाणी लागतं. फौजेने स्वतःसाठी जे बांधलेलं असतं ते जुनं होतं, मोडतं, बदलावं लागतं. ते बदलायचं कोणी, कोणाच्या पैशाने आणि कोणासाठी? आज या एका प्रश्नाचा माग काढू, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या दापोलीला जाऊ.

दापोलीच्या जुन्या पत्रांवर तुम्ही पत्ता पाहिला असेल : मुक्काम पोस्ट कॅम्प दापोली. आजही बोलताना लोक ‘कॅम्पात जाऊन येतो’ असं म्हणतात. गावात फॅमिली माळ नावाची वस्ती आहे. कोकणातल्या माळाला ‘फॅमिली’ हे नाव का पडावं? कॅम्पाचा इतिहास माहीत असला की त्याचं फारसं नवल वाटत नाही. फौज जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण पत्त्यातून ती अजून गेलेली नाही.

आता थोडं मागे जाऊ. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोकण इंग्रजांकडे आलं. त्याआधीही बाणकोटचा किल्ला त्यांच्याकडे होता, तो १७५६ च्या तहापासून. दक्षिण कोकणचा कारभार सुरुवातीला बाणकोटहून चाले. १८२२ मध्ये जिल्ह्याचं ठाणं रत्नागिरीला नेलं, कारण ते जास्त मध्यावर होतं. पण फौजेचं ठाणं त्यांनी रत्नागिरीला ठेवलं नाही. ते १८१८ पासून दापोलीला होतं.

दापोलीच का? गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंचीवर आहे, हवा थंड आहे आणि वर मोकळा सडा आहे. समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८ किलोमीटर. हर्णै बंदर जवळ, म्हणजे गलबतातून माणूस आणि माल उतरवायची सोय. गोऱ्या अधिकाऱ्याला हवा मानवली पाहिजे, कवायतीला मैदान पाहिजे आणि रसद वेळेवर आली पाहिजे. तिन्ही गोष्टी इथे जुळत होत्या.

चौथी गोष्ट मात्र अवघड होती, ती म्हणजे पाणी. दापोलीत वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परगावच्या माणसाला वाटतं, इथे पाण्याला काय तोटा? पण तुम्ही कोकणातले आहात, तुम्हाला सांगायला नको. वरचा थर जांभ्याचा, म्हणजे भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या काळ्या कातळापर्यंत जातं आणि उताराने झऱ्यावाटे निघून जातं. चार महिने धो धो पाऊस आणि मार्च-एप्रिलपासून घागरीखाली भांडं. उंचावरच्या गावाला हा शाप जास्तच, कारण पाणी खाली पळतं आणि वर माणसं बसलेली असतात.

अशा जागी छावणी वसवायची, तर आधी विहीर लागते. हे लक्षात ठेवा, की १८१८ च्या सुमाराला छावणीतल्या पाण्याची व्यवस्था म्हणजे विहीर, दोर, पखाल आणि भिस्ती. नळ नाहीत. भिस्ती विहिरीवर पखाल भरायचा आणि ती बंगल्यावर, भटारखान्यात, इस्पितळात ओतायचा. म्हणजे पाइपलाइन होतीच, फक्त ती माणसाच्या पाठीवरून जात होती.

आणि त्या पाइपलाइनला दिशा होती. इंग्रजांची छावणी कुठलीही घ्या, तिचा आराखडा साधारण सारखा दिसतो. अधिकाऱ्यांचे बंगले वाऱ्याच्या बाजूला, मधे कवायतीचं मैदान, पलीकडे देशी शिपायांच्या ‘लाइनी’, मग सदर बाजार आणि सगळ्यांत कडेला नोकर-चाकर, झाडूवाले. कोणाची वस्ती कुठे, हे एकदा ठरलं की कोणाची विहीर कोणती, हेही ठरून जातं. वर आपली जातीची उतरंड होतीच. म्हणजे लष्करी हुद्दा आणि गावची जात, दोन्ही मिळून पाणी वाटत होते.

आता छावणी कशी उठली ते पाहू. १८४० पासून नेहमीच्या पलटणी दापोलीहून काढून घेतल्या. मागे उरली व्हेटरन बटालियन, म्हणजे उमेदीची वर्षं सरलेल्या देशी शिपायांची पलटण. तीही १८५७ पर्यंतच. त्यानंतर दापोली हे लष्करी ठाणं राहिलं नाही.

आता एक तारीख शेजारी मांडू. नगरपालिका स्थापन झाली १८८० मध्ये. १८५७ आणि १८८०, मधली वर्षं २३. या तेवीस वर्षांत दापोलीत रस्ते होते, विहिरी होत्या, बाजार होता, चर्च होतं, दफनभूमी होती. ज्या फौजेने हे स्वतःसाठी केलं ती निघून गेलेली, आणि गावासाठी कर घेऊन गावावर खर्च करणारी संस्था अजून जन्मायची होती. महसूल खातं होतं, पण त्याचं मुख्य काम वसुली. आमचं आजचं सगळं म्हणणं या तेवीस वर्षांभोवती फिरतं. फौज जाताना बांधकाम मागे ठेवते, पण त्याची निगा राखणारं खातं, त्याची हिशोबाची वही, त्याचा नकाशा सोबत घेऊन जाते. वीट राहते, वहिवाट राहते, जबाबदारी जाते.

यात काळाचा एक योगायोगही आहे. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांच्या मृत्यूंची चौकशी करायला शाही आयोग बसला. १८६३ च्या अहवालात आकडा आला, की दर हजारी ६९ गोरे शिपाई दरवर्षी मरतात, आणि बरेचसे लढाईत नव्हे तर रोगाने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हा विषय लावून धरला. लगेच १८६४ मध्ये छावण्यांसाठी कायदा झाला, आरोग्यावर देखरेख आली, पाणी-गटारांवर पैसा खर्च होऊ लागला. म्हणजे छावण्यांमध्ये नळाचं युग सुरू झालं, तेव्हा दापोलीची छावणी आधीच उठलेली होती.

पुण्याशी ताडून पाहा. पुण्याचा कॅम्प दापोलीच्याच सुमाराचा. तिथे फौज राहिली. मग इंग्रज इंजिनिअर फाइफ यांच्या योजनेतून खडकवासल्याचं धरण झालं, ते १८७९ मध्ये पुरं झालं, आणि त्याचं पाणी पुणे आणि खडकीच्या छावण्यांना मिळू लागलं. आज पुण्यात ‘लष्कर जलकेंद्र’ आहे. नाव लष्कराचं, पण पाणी जातं पूर्व भागातल्या लाखो नागरिकांना. पुण्याने छावणीकडून धरण वारशात घेतलं. दापोलीने घेतल्या विहिरी. दोन गावांच्या नशिबातला हा फरक, फौज किती वर्षं थांबली एवढ्यावरून पडला.

पण दापोलीला आणखी एक वारसा मिळाला, आणि तो विहिरींहून मोलाचा होता. पेन्शनर शिपाई. रत्नागिरी जिल्हा म्हणजे मुंबई फौजेच्या भरतीचं मोठं आगर. त्यात महार शिपाई पुष्कळ. पेन्शन घेऊन ही माणसं दापोलीच्या आसपास राहिली. यांनी मुलूख पाहिलेला, लिहायला-वाचायला शिकलेले, अर्ज कसा करायचा हे त्यांना ठाऊक. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत आले. त्यांनी इथून जातिभेदाविरुद्ध लिहिलं, अनार्य दोषपरिहारक मंडळी चालवली, आणि महारांची फौजेतली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज तयार केला. त्याच सुमाराला सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त झाले आणि कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिलं. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान. कुटुंबाचं मूळ गाव आंबडवे, शेजारच्या मंडणगड तालुक्यात.

आता बघा, नवी नगरपालिका आली. कर सगळ्यांकडून घेतला जाणार. तिची शाळा सगळ्यांची असायला हवी. पण अस्पृश्य पेन्शनरांच्या मुलांना वर्गात बसू देत नव्हते, बाहेर व्हरांड्यात बसवत होते. १८९० च्या दशकात या पेन्शनरांनी त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांचं म्हणणं सरळ होतं : शाळा सार्वजनिक पैशाची आहे, मग आमचा मुलगा उंबऱ्याबाहेर का? याच दापोलीत मिशनची शाळा होती. पुढे भारतरत्न झालेले पां. वा. काणे तिथे शिकले, साने गुरुजी शिकले. विद्येचं गाव म्हणून दापोलीचा लौकिक झाला तो उगाच नाही. पण त्याच लौकिकाच्या गावात काही मुलं व्हरांड्यात होती, हेही सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, पाण्यावरून शाळेवर कुठे गेलात? आम्ही त्याच रस्त्यावर आहोत. व्हरांडा आणि विहिरीचा काठ, प्रश्न एकच. सार्वजनिक वस्तू बांधून झाली म्हणजे ती सार्वजनिक होत नाही. दापोलीपासून महाड काही फार लांब नाही. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, की सरकारी खर्चाने चालणाऱ्या पाणवठ्यांवर, शाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर. तिथलं पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि कोर्टात निकाल लागायला १९३७. तळं होतं, पाणी होतं, ठरावही होता. तरी तेरा वर्षं लागली.

म्हणून आम्हाला वाटतं, नळाची गोष्ट सांगताना ‘विहिरी जुन्या झाल्या, नळ आले, सोय झाली’ इतकं म्हणून पुढे जाऊ नये. नळ आला तेव्हा भिस्ती गेला, दोर गेला आणि विहिरीच्या काठावरचा पहारा ढिला झाला. जमिनीखालच्या पाइपातून येणारं पाणी आधी कोणाच्या दारावरून गेलं, हे कोणाला पाहता येत नाही. पण पाइप कोणत्या आळीत चार इंची आणि कोणत्या वाडीत अर्धा इंची, हे कोणीतरी ठरवतंच. जुना पाइप काढून नवा टाकताना तो त्याच रेषेवर, त्याच मापाचा टाकला, तर लोखंड तेवढं नवं होतं. शंभर वर्षांपूर्वीचा निर्णय तसाच राहतो.

आता आजच्या दापोलीकडे येऊ. गावाला पाणी येतं ते मुख्यतः नारगोलीच्या धरणातून आणि कोडजाई नदीवरून. म्हणजे पाणी खालून वर चढवावं लागतं. चढवायला पंप, पंपाला वीज. इथे आपल्या गोष्टीत दुसरी यंत्रणा येते. विहिरीला फक्त दोर लागायचा. नळाला विजेची तार लागते. एक व्यवस्था दुसरीवर रेलून उभी असते, आणि दोन्ही जुन्या होत असतात. खाऱ्या हवेत लोखंडी खांब बुंध्याशी गंजतो. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात बिडाचा पाइप लवकर खराब होतो. तासभर पाणी सोडून बाकी दिवस बंद ठेवलं, की रिकाम्या पाइपात दाब उरत नाही आणि फुटक्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. हे वर्षानुवर्षं चालतं, कारण जमिनीखालचं दिसत नाही. दिसतं ते एकदमच.

ते दिसलं ३ जून २०२० ला. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला दुपारी जमिनीवर आलं, आणि आपल्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडला त्याचा सगळ्यांत मोठा तडाखा बसला. आंबा, सुपारी, नारळाच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब काडीसारखे मोडले. टाळेबंदीचे दिवस, त्यात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळ कोरडा. मग लोकांनी काय केलं? ज्यांच्या परसात विहीर होती त्यांनी माळ्यावरचा दोर खाली काढला. ज्यांनी विहीर बुजवून वर सिमेंटचा कोबा केला होता, ते शेजाऱ्याकडे गेले. जनरेटर गावोगाव फिरवून टाक्या भरल्या गेल्या. महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी बाहेरच्या जिल्ह्यांतून येऊन पावसात, निसरड्या उतारांवर खांब उभे केले. त्या माणसांचं काम कोणत्याही गॅझेटियरमध्ये येणार नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

हे आजच का सांगायचं? कारण दापोलीत १८५७ ला जे झालं ते आता इतर गावांच्या दारात उभं आहे. देशात ६२ छावणी मंडळं होती. महाराष्ट्रात सात : पुणे, खडकी, देहूरोड, अहमदनगर, औरंगाबाद, देवळाली आणि कामठी. या मंडळांचा नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या नगरपालिकांना जोडायचं धोरण केंद्राने घेतलं. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातली योल ही छावणी पहिल्यांदा मोडली. पुढे २०२४ मध्ये ठरलेल्या सूत्राप्रमाणे नागरी सोयींसाठी उभारलेली मालमत्ता राज्याकडे विनामूल्य द्यायची, आणि मंडळाच्या मालमत्तेबरोबर देणीही नगरपालिकेकडे जायची.

विनामूल्य हा शब्द गोड आहे. पण जुनं घर फुकट मिळालं तरी कौलं आपणच शाकारतो ना? शंभर वर्षांची जलवाहिनी फुकट मिळाली, तर सोबत तिची गळतीही मिळते. आणि नकाशा? तो बऱ्याचदा कागदावर नसतोच. तो पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो. कुठली चावी किती फेरे फिरवायची, कुठल्या आळीत कोपऱ्याखालून जोड गेलाय, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला, की नकाशाही निवृत्त.

बाहेरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला प्रेसिडिओ नावाचं ठाणं आहे. १७७६ पासून तिथे आधी स्पेनची, मग मेक्सिकोची, मग अमेरिकेची फौज होती. १९९४ मध्ये लष्कराने ते सोडलं आणि जागा राष्ट्रीय उद्यानाकडे गेली. १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था केली. इमारती भाड्याने देऊन तिने आपला खर्च आपण भागवायचा, असं ठरलं, आणि संस्थेने ते करून दाखवलं. तरीही जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या, वीज, पाणी बदलायची वेळ आली तेव्हा २०२२ च्या केंद्रीय कायद्यातून २० कोटी डॉलर द्यावे लागले. म्हणजे स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या श्रीमंत ठाण्यालाही हा खर्च एकट्याने झेपला नाही. मग दापोलीसारख्या नगरपंचायतीने काय करावं? फरक एवढाच, की तिथे फौज गेल्यावर दोन वर्षांत वही उघडली गेली. आपल्याकडे तेवीस वर्षं लागली.

आता समारोप करतो. दापोलीच्या गोष्टीतून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली, बांधकाम हातात घेण्याआधी त्याची वही आणि नकाशा मागून घ्या. तो नसेल, तर जुना कर्मचारी निवृत्त व्हायच्या आत त्याच्याबरोबर गावभर फिरा आणि लिहून काढा. दुसरी, पाइप बदलताना रेष आणि माप पुन्हा तपासा. शेवटच्या वाडीतल्या शेवटच्या घरी पाणी किती दाबाने येतं, ते आधी मोजा. तिसरी, नवी व्यवस्था आली म्हणून जुनी बुजवू नका. एक यंत्रणा पडली तर दुसरी उभी राहील, इतकी सोय ठेवा.

कॅम्प गेला, पत्ता राहिला. पत्त्यावर पाणी पोचवणं हे आता फौजेचं काम नाही. ते आपलं आहे.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एक प्रश्न आला : ‘म्हणजे पुन्हा विहिरीचंच पाणी प्यायचं का?’)

नाही, तसं आमचं म्हणणं नाही. जांभा भोकाभोकांचा आहे, हे आधी सांगितलं. शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर त्यातलं पाणी झिरपून विहिरीत येतं. दाट वस्तीतल्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. पण धुणं, भांडी, झाडं आणि वादळानंतरचे दहा दिवस, यासाठी विहीर लागते. वर्षातून एकदा गाळ काढा, कठडा नीट ठेवा, दरसाल पाणी तपासा. आणि दोर टाकून देऊ नका. माळ्यावर असू द्या.